अमेरिकेचे काका, मुक्काम कॅनडा

आमचे अमेरिकेचे काका कॅनडात राहायचे. ही गोष्ट त्यांनी पन्नासेक वर्षं गावाला समजावून सांगितली. एकदा तर सारवलेल्या अंगणात काडीने उत्तर अमेरिकेचा नकाशा काढला, मधली सरहद्द ओढली आणि टोरांटोच्या जागी खडा ठेवला. शेजारच्या तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतच, पण वरल्या आळीला." काकांनी काडी टाकून दिली.

आमच्या हिंगोलीकडे परदेश दोनच. दुबईला गेलेला माणूस दोन-चार वर्षांनी परत येतो आणि घराला स्लॅब टाकतो. जो परत येत नाही तो अमेरिकेला गेला. मग तो जर्मनीत असो की ऑस्ट्रेलियात.

असा एखादा काका किंवा मामा वसमतला निघतो, कळमनुरीला निघतो, सेनगावकडच्या एखाद्या वाड्यातही निघतो. पुण्या-मुंबईचे लोक परदेशी गेले ते डिग्रीसाठी नाहीतर पैशासाठी, आणि ते तसं सांगतातही. आमच्याकडचा हा नमुना वेगळा. गावातलं वाचण्यासारखं सगळं संपलं, म्हणून तो गेला. तिकडे त्याने काय कमावलं हे कुणालाच नीट माहीत नसतं, पण तो किती वाचतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कौतुकाने सांगताना लोक आवाज थोडा खाली आणतात, एखाद्याच्या दुखण्याविषयी बोलताना आणावा तसा.

काकांना हे दुखणं लहानपणापासूनच होतं. किराणा आणायला पाठवलं की ते पुड्या सोडून कागद वाचत बसत. एकदा गुळाच्या पुडीच्या कागदावर कुठल्याशा मासिकातल्या गोष्टीचा अर्धा भाग आला. पुढलं पान मिळावं म्हणून ते दुकानात परत गेले, ते पान शेंगदाण्यांबरोबर कुणाच्या घरी गेलं याचा तपास लावला आणि त्या घरच्या बाईला म्हणाले, "शेंगदाणे ठेवा, कागद तेवढा द्या." त्या दिवसापासून दुकानदार त्यांना पुडी बांधायच्या आधी कागद दाखवी. वाचलेला आहे म्हणाले तरच त्यात साखर.

घरात आजोबांची एक पेटी होती. तिच्यात निजामाच्या काळातले उर्दू कागद. ते कुणालाच वाचता येत नव्हते, त्यामुळे त्यांना फार मान होता. काकांनी केवळ त्या कागदांसाठी एका मौलवीसाहेबांकडे जाऊन उर्दू शिकून घेतलं. सगळे कागद वाचून झाल्यावर त्यांना असं आढळलं की ओढ्याकाठचा आपला म्हणून जो पट्टा आपण पेरतो, तो मूळचा शेजाऱ्याचा आहे. ही गोष्ट त्यांनी जाऊन शेजाऱ्याला सांगितली. आजोबांचा वाचनाला विरोध सुरू झाला तो तेव्हापासून. पट्टा शेवटी शेजाऱ्याकडे गेला, आणि वर उल्लेख आलेले तात्या त्याच घरचे. काकांचा नकाशावरचा शब्द त्यांना पटत नव्हता, पण काकांविषयी वाईट बोललेलंही ते खपवून घेत नसत.

काकांचा जन्म १९३८ चा, निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हा ते मॅट्रिकच्या तयारीत होते, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा इंटरच्या. फी द्यायची ती हाली नाण्यात आणि मुंबईचं पुस्तक मागवायचं ते कलदार रुपयात, असे दोन हिशेब त्यांनी लहानपणी पाहिले होते. देश सोडून कसे गेलात, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "मी कुठं सोडला? मी ओसरीवर बसलो होतो आणि तीन राज्यं माझ्यासमोरून निघून गेली. चौथ्याच्या वेळेला म्हणलं, आता आपणच निघू."

सरकारचे हे बदल त्यांनी पुढे मनावर घेणं सोडून दिलं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, फटाके वाजले, कलेक्टर आले. काकांच्या पाकिटावर मात्र शेवटपर्यंत 'हिंगोली (डेक्कन), जि. परभणी'. 'डेक्कन' हे रेल्वेने आमच्या स्टेशनला चिकटवलेलं आहे, ते त्यांना फार आवडे. बाकी जगात हिंगोली दुसरी कुठे नाही, तरी रेल्वेने खबरदारी घेतली, म्हणत.

इंटरला काका दोनदा नापास झाले. याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण समोर आदर्श मोठा होता. नरहर कुरुंदकर हे आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचे, जन्म १९३२ चा. ते इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले, ही गोष्ट मराठवाड्यातल्या नापास मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवली आहे. अभ्यासक्रमात नसलेलं सगळं वाचून झालेलं, अभ्यासक्रमातलं तेवढं राहिलेलं! काका नांदेडला त्यांची व्याख्यानं ऐकायला जात, आणि येताना शेवटची एसटी चुकली की स्टँडवर झोपत. मनुस्मृतीवरचं व्याख्यान ऐकून आले त्या रात्री त्यांनी आजोबांना उठवून वाद घातला होता. आजोबांनी पांघरूण डोक्यावर घेऊन एवढंच विचारलं म्हणे, की हे मास्तर इंटर पास आहेत का. कुरुंदकर पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. आमचे काका औरंगाबादच्या नव्या निघालेल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिरले. इंटरला नापास होण्याचे फायदे-तोटे यावरून ज्याचे त्याने ठरवावेत.

१९६७ साली कॅनडाने बाहेरच्या माणसाला घेताना गुण द्यायची पद्धत सुरू केली. शिक्षणाला इतके, वयाला इतके, भाषेला इतके, हाताला काय काम येतं त्याला इतके. काका त्यात बसले. वाचनाला एकही गुण नव्हता, हे त्यांना खटकलं, आणि तसं त्यांनी अर्जातल्या 'इतर माहिती' या रकान्यात लिहिलंही. त्या काळात परदेशी जाणाऱ्याला सरकार फक्त आठ डॉलर सोबत नेऊ देई. तेवढे घेऊन, आणि आजीने शिवलेली गोधडी पेटीतून हळूच काढून तिथे नामदेवांची गाथा आणि काही पुस्तकं कोंबून, ते निघाले. गोधडी सापडली तेव्हा गाडी पूर्णेच्या पुढे गेली होती. टोरांटोच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल काकांनी जे पत्र पाठवलं ते घरात कुणी कुणाला मोठ्याने वाचून दाखवलं नाही.

तिथे एका नगरपालिकेत त्यांना नोकरी लागली. घरातले सांगत, "मोठ्या प्रकल्पावर आहेत." काका स्वतः सांगत, "गटारं." वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे त्यांचं दैवत. क्रांतीसाठी देश सोडून निघालेला माणूस अमेरिका, इराण, जर्मनी असा फिरत मेक्सिकोत पोचतो, तिथल्या शेतकी विद्यालयात शिकवतो, मक्याच्या जाती सुधारतो, आणि दिएगो रिव्हेरासारखा चित्रकार त्याला तिथल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रंगवून ठेवतो! "मक्याच्या माहेराला वर्ध्याच्या माणसाने मका शिकवला," काका म्हणत, "मी आपला कॅनडाला उतार शिकवतो. पाणी कुठेही खालीच जातं, त्याला व्हिसा लागत नाही."

त्यांच्या पत्रांचं सांगितलंच पाहिजे. निळं एरोग्राम, मजकूर आधी सरळ, मग समासात आडवा, मग घडीच्या पाठीवर उलटा. वडील पत्र वाचताना ते चहूबाजूंनी फिरवत असत, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते मोटार चालवायला शिकतायत असं वाटे. आजीच्या मोतीबिंदूचं कळवलं तर उत्तरात सुश्रुताने मोतीबिंदू कसा काढला होता याची दोन पानं, आणि अगदी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात, 'पैसे पाठवले आहेत.' ते खरोखरच पाठवलेले असत, मागितल्यापेक्षा जास्त. पण ते वाक्य शोधायलाच घरातल्या तरुण डोळ्यांची गरज पडे, आणि म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आजीला वाचता येत नव्हतं. मी तिला पत्र वाचून दाखवायचो, तत्त्वज्ञान गाळून. पण एखादं नाव निसटायचंच. स्पिनोझाचं नाव इतक्या पत्रांतून निसटलं, की एक दिवस तिने विचारलं, "हा सपनोजा थोरल्यासंगंच ऱ्हातो का?" मी हो म्हणालो. मग दर पत्रात त्याची चौकशी. त्याचं लग्न झालं का, तो तिखट खातो का. दिवाळीला तिने धपाट्यांच्या पिठाची एक पुडी जास्त बांधली, ती त्याच्यासाठी. काकांनी उलट टपाली कळवलं, की सपनोजाला धपाटे आवडले. ज्या माणसाला ज्ञातीने वाळीत टाकलं होतं, ज्याने भिंगं घासून पोट भरलं, त्याला तीनशे वर्षांनी हिंगोलीतून फराळ जावा, याचा काकांना मनापासून आनंद झाला होता. स्पिनोझा जिवंत नाही हे आम्ही दोघांनी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

टोरांटोत गेल्यावर त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयात पहिलं काम काय केलं, तर हिंगोलीचं नाव कुठल्या पुस्तकात सापडतं का ते शोधलं. सापडलं. मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत! हिंगोलीला तेव्हा निजामाच्या इंग्रजी अंमलदारांच्या फौजेची छावणी होती. तिथल्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी. साहेब लोकांचा त्याच्याशी व्यवहार. मुंबईहून दुसरा एक व्यापारी कापड घेऊन हिंगोलीकडे निघालाय हे कळल्यावर या हरिसिंगाने आपणच मुंबईहून कापड आणणार म्हणून छावणीतून परवाना काढला, वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसकट संपवलं आणि त्याचाच माल त्याच परवान्यावर आणून छावणीत राजरोस विकला. तो ठगांचा जमादार होता हे साहेबांना मागाहून कळलं. काकांनी हे सगळं भाषांतर करून पाठवलं आणि खाली लिहिलं, 'इंग्रजी साहित्यात शिरलेला आपला पहिला माणूस. कागदपत्रं मात्र चोख होती.' तिकडच्या मराठी मंडळात पुण्या-मुंबईची मंडळी विचारत, हिंगोली म्हणजे हिंगणघाटच ना? तेव्हापासून काका सरळ सांगत, "नाही हो, आमचं ठगांचं गाव." पुढचे प्रश्न बंद होत. गणेशोत्सवात त्यांना भाषणाला बोलावत आणि वेळ कमी देत.

त्या ग्रंथालयातच काकू भेटल्या. मूळच्या पोर्तुगालच्या, वसुलीच्या खिडकीवर बसत. काकांचा पुस्तकं उशिरा दिल्याचा दंड फार साचला होता, आणि त्यावरून लग्न जमलं असं काका सांगत. काकू सांगत, दंड पूर्ण भरून घेतल्याशिवाय मी हो म्हणालेच नाही. काकूंचं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. गोव्यावरून दोघांची भांडणं होत. १९६१ साली गोवा तुम्ही घेतलात, असं त्या म्हणाल्या की काका म्हणत, "बदल्यात मी आलो की!" लग्नाची बातमी गावात आली तेव्हा आजीने दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तिला भाकर येती का?" काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा तिने त्यांना चुलीपुढे बसवलं. काकूंची भाकरी गोल आली. आमच्या आईची आयुष्यभर कॅनडाच्या नकाशासारखीच येत असे. पुढचे पंधरा दिवस घरात बायकांच्या बाजूला जे वातावरण होतं ते मी इथे लिहीत नाही.

काका दर काही वर्षांनी डिसेंबरात यायचे, गुडघ्याच्या वर चड्डी घालून. साठीचा गृहस्थ चड्डीवर रामलीला मैदानावरून चाललाय, हे गावाने कसं पचवलं कोण जाणे. आम्ही पोरं चॉकलेटाच्या आशेने बॅगेभोवती बसायचो आणि प्रत्येकाच्या हातात एक जुनं पुस्तक पडायचं. मला चौथीत बर्ट्रांड रसेल मिळाला. तो मी अजून वाचलेला नाही, पण चौथीत मिळालेला रसेल घरात असणं ही काही लहान गोष्ट नाही, ज्याला त्याला दाखवतो.

आले की औंढा आणि नरसी ठरलेलं. देवावर विश्वास नाही, देवळावर फार. औंढ्या नागनाथाच्या देवळात नंदी देवासमोर नाही, पाठीमागे आहे. नामदेवांचं कीर्तन पुजाऱ्यांनी समोरून हटवलं, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. काका पुजाऱ्याला विचारत, "देऊळ फिरलं ते कळलं. पण नंदीला सांगायचं कसं राहिलं?" याच देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, आणि हटकणाऱ्या नामदेवांना म्हणाले होते की जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. "ही आपली परंपरा," काका म्हणत, "आणि तुम्ही मला चड्डीबद्दल बोलता."

नरसी हे नामदेवांचं जन्मगाव, कयाधूच्या काठी. काकांच्या मते जिल्ह्यातून बाहेर जाऊन स्थायिक झालेला पहिला माणूस म्हणजे नामदेव. शिंप्याचा मुलगा इथून उठला तो पंजाबात घुमानला जाऊन राहिला, तिथली भाषा बोलला, आणि त्याची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. "मला कॅनडाची एक म्हण बोलता येत नाही," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. २०१५ साली साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा त्यांनी टोरांटोहून फोन करून वडिलांना जायला सांगितलं. वडिलांनी विचारलं, "मी गेलो तर पाणी कोण देईल?"

या एका प्रश्नात दोघा भावांचं आयुष्य आलं, असं मला वाटतं. वडील धाकटे. काकांना मोकळं व्हायचं होतं, म्हणून वडिलांना अडकावं लागलं. आधी कापूस, मग सोयाबीन, आता हळद. हळद खणायची, शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, पोती भरून वसमतला नाहीतर हिंगोलीच्या मार्केट यार्डात न्यायची, आणि भाव पडला की परत आणून खोलीत रचायची. काका हे सगळं कुतूहलाने बघत आणि सल्ला देत. एका साली ते मासानोबू फुकुओका वाचून आले. नांगरायचं नाही, निंदायचं नाही, खत नाही, निसर्गाला करू द्यायचं. वडिलांनी दादाचा शब्द मोडला नाही, एक एकर सोडून दिलं. निसर्गाने तिथे हरळी आणि लव्हाळा केला. पुढची कित्येक वर्षं तो तुकडा साफ होत नव्हता आणि घरात त्याला 'जपान' म्हणत. "आज जपानात दोन बाया लावल्या," असं वडील सहज म्हणत.

आजी गेली तेव्हा काका आले नाहीत. तिकिटाचा प्रश्न नव्हता, आजारपण चांगलं चार महिन्यांचं होतं. पत्र आलं, त्यात मरणाविषयी एपिक्युरसचं काय मत होतं ते होतं. वडिलांनी ते पत्र माझ्याकडे वाचायला दिलं नाही. स्वतःच फिरवून फिरवून वाचलं आणि घडी करून उर्दू कागदांच्या पेटीत ठेवलं. काकांचं कौतुक करताना मी हे विसरत नाही. मुक्त माणसाचं गुणगान आपल्याकडे फार चालतं. पण त्याच्या वाटणीची हळद कुणीतरी शिजवत असतो, आणि त्याच्यावर लेख येत नाही.

गाव का सोडलं, याचं काकांकडे एक कायमचं उत्तर होतं. "इथं काही घडतच नाही!" या उत्तराचा निकाल लागला तो २०१६ साली. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, १३० कोटी प्रकाशवर्षांवर, आणि त्यांची गुरुत्वीय लहर १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगो वेधशाळेच्या यंत्रांनी टिपली. पुढच्या फेब्रुवारीत ते जाहीर झालं, आणि आठवडाभरात आपल्या सरकारने तसंच यंत्र भारतात उभारायला तत्त्वतः मान्यता दिली. जागा कुठली ठरली? औंढ्याजवळ, दुधाळ्याला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकीला दुसरी काटकोनात. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाएवढी हालचाल मोजायची, त्यामुळे जागा अशी हवी की जिथे रेल्वे, कारखाने, रहदारी, कसलाच हादरा नाही.

काकांनी फोन केला तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजले होते. ते इतके भारावले होते की आधी इंग्रजीतच बोलले. मग वडिलांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे दादा, इथं काही घडत नाही म्हणून तू तिकडं गेलास. आणि इथं काही घडत नाही म्हणूनच ते इकडं यायलेत?" पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. लाईन गेली असं समजून वडिलांनी फोन ठेवला. पण काका तिथेच होते. पुढे कधीही त्यांनी ते वाक्य वापरलं नाही.

वडिलांना मात्र शंका होती. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे गावाकडे जमिनीतून गूढ आवाज येतात, वर्षानुवर्षं येतात, लोक घराबाहेर धावतात. "एकशे तीस कोटीचं ऐकू येणार, अन्‌ पांगऱ्याचं कामून ऐकू येत नाही त्यांना?" काकांनी यावर सविस्तर पत्र लिहिलं. आता ईमेल होतं, तरी पत्रच. त्यात भूगर्भ होता, बेसॉल्ट होता, लेसर होता. समासात आडवं होतंच. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटींचा प्रकल्प मंजूर केला ही बातमी त्यांना कळली. यंत्र सुरू झालेलं बघायला येतो, असं म्हणाले होते. वय पंच्याऐंशी.

जानेवारी २०२४ मध्ये काका गेले. देह त्यांनी तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना देऊन टाकला होता. जन्मभर पुस्तकं वाचली आणि शेवटी स्वतःच क्रमिक पुस्तक झाले. इकडे मात्र अडचण झाली. अस्थी नाहीत, तर कयाधूत काय सोडायचं? पंढरपूरकर म्हणतात नामदेवांची समाधी महाद्वारातल्या पायरीशी, घुमानवाले म्हणतात आमच्याकडे. आमच्याकडे भांडायलासुद्धा काही शिल्लक नव्हतं. वडिलांनी तेराव्याला पुरण घातलं आणि गावजेवण दिलं. धर्मशास्त्रात हे बसतं का असं गुरुजींना विचारलं नाही. तात्यांच्या मुलाने पंगतीत पाणी वाढलं.

शोकसभा मोबाईलवर झाली. टोरांटोची माणसं, हिंगोलीची माणसं, मधे काकू. जो तो त्यांच्या वाचनाबद्दल बोलला. त्यांच्या खात्यातला एक निवृत्त सहकारी म्हणाला, की त्यांनी आखलेल्या भागात चाळीस वर्षांत एकदाही पाणी तुंबलं नाही. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांना बोलायला सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "दादा हुशार होता. शेतीतलं त्याला कळत नव्हतं." ध्वनी बंद करायचं बटण त्यांना सापडलं नाही, त्यामुळे त्यानंतरचं नाक ओढणंही टोरांटोपर्यंत गेलं.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्याची जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा भूकंप, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. भांडी पडली, आम्ही बाहेर आलो. वडील अंगणात उभे राहून म्हणाले, "आज दादाचा फोन आला असता."

राहिली पुस्तकं. इकडच्या पेट्या आम्ही मागच्या खोलीत ठेवल्या आहेत, हळदीच्या पोत्यांशेजारी. पानं पिवळी झाली आहेत, ती वयाने की हळदीने हे सांगता येत नाही. वाळवी मात्र लागलेली नाही, आणि याचं श्रेय वडील हळदीला देतात. काही पुस्तकं काकांची आहेत. बरीचशी त्यांची नाहीत. आत मराठवाड्यातल्या निरनिराळ्या वाचनालयांचे शिक्के आहेत, कुणाकुणाच्या सह्या आहेत, एकावर 'चार दिवसांत परत द्यावे, १९६१' असं लिहिलेलं आहे. ज्यांची असतील त्यांनी, किंवा त्यांच्या मुला-नातवंडांनी, येऊन ओळख पटवून घेऊन जावीत. दंड मागू नये. आणि काकांनी ज्यांना पुस्तकं दिली त्यांनी ती आणून द्यावीत, आम्हीही काही विचारणार नाही. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ नका. तेव्हा हळद निघते, खोलीत पाय ठेवायला जागा नसते आणि वडील कुणाशी बोलत नाहीत.